रिकामे कोपरे

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ते असं चिकटलं होतं की हजेरीला खरं नाव पुकारलं की शेजारणी तिला कोपराने ढोसायच्या, “अगं, तुलाच हाक मारतायत.”

काम सांगायला सोपं होतं. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या भट्टीतून निघून पट्ट्यावरून एकामागून एक यायच्या. समोर दिव्याची पांढरी फळी. त्या उजेडात प्रत्येक बाटली बघायची आणि वाईट असेल ती उचलून पायाशी ठेवलेल्या पिंपात टाकायची. कुठे बुडबुडा, कुठे चीर, कुठे तोंडाचा टवका उडालेला. सगळ्यांत वाईट म्हणजे बाटलीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली गेलेली केसाएवढी काचेची तार. ती तुटून औषधात पडली तर कोणाच्या तरी घशाखाली जायची. वीस मिनिटं बघायचं, दहा मिनिटं उठायचं, असा नियम होता, कारण वीस मिनिटांनंतर डोळे नुसते उघडे असतात, बघत नाहीत.

बघणाऱ्या बायका जाग्या आहेत की नाहीत हे कळावं म्हणून सुपरवायझर प्रत्येकीच्या पाळीला दिवसातून पाच वेळा मुद्दाम एक वाईट बाटली पट्ट्यावर सोडायचा. तिच्या बुडाला एक खूण असायची. ती साध्या उजेडात दिसत नसे, पॅकिंगच्या टेबलावरच्या खास दिव्याखालीच दिसे. त्यामुळे सुटलेली खोटी बाटली बाहेर जात नसे, पण कोणाच्या पाळीला सुटली ते कळे. दुर्बिणीच्या पाळीला तीन वर्षांत एकही सुटली नव्हती. कँटीनच्या भिंतीवर तिचा फोटो लावला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शंभर टक्के’. फोटोत ती जरा रागावलेली वाटते, पण ती एरवीही तशीच दिसते.

ही शंभर टक्के बाई दर रविवारी सकाळी दहा वाजता कानाला हेडफोन लावून बंदूक उचलायची. बंदूक अर्थात स्क्रीनवरची. जोडीला तिची धाकटी बहीण, तीन तासांवरच्या दुसऱ्या गावातून. धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आई गेल्यावर दोघी फोनवर बोलायला लागल्या की पाच वाक्यांत आटोपायच्या. जेवलीस का, हो, तू, हो, बरं मग. फोन आधी कोणी ठेवायचा एवढाच प्रश्न उरायचा. मग एका गिऱ्हाइकाने धाकटीला हा खेळ दाखवला, धाकटीने थोरलीला शिकवला, आणि काय जादू झाली कोण जाणे, गोळ्या चुकवता चुकवता दोघींची तोंडं सुटली. धाकटीच्या सासूबाईंचं पथ्य, थोरलीच्या नवऱ्याचं घोरणं, आईचं शिवणयंत्र कोणाकडे असावं, सगळं त्या पडक्या गोदामात दबा धरून बसल्या बसल्या बोलून झालं. पाच वर्षं एक रविवार चुकला नाही. जोडीचं नाव होतं ‘थोरली-धाकटी’. आपणही त्यांना आता तेच म्हणू.

खेळ दोघांविरुद्ध दोघांचा. गोदामात नऊ कोपरे. दोघांनी लपायचं, दोघांनी शोधायचं, मग उलट. सोळा जोड्यांची एक हौशी लीग होती आणि एक दंतवैद्य ती सांभाळायचा. त्याला सगळे पंच म्हणत. रोजचे दात उपटून झाल्यावर तो प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचा. सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग लीगमध्ये कावळा आला.

हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. त्याच्या जोडीला कोणी टिकत नसे, आणि त्याला त्याची गरजही नसे. तो गोदामात शिरायचा तो थेट तुमच्यापाशी यायचा. पाय वाजवला नसेल, श्वास रोखला असेल, तरी दाराआडून तुमच्याच डोक्याच्या उंचीला नेम धरून तो आत यायचा.

“ताई, तो खाली आहे अजून, मी हलते जरा,” धाकटी म्हणायची आणि वाक्य पुरं व्हायच्या आत आडवी व्हायची.

“खाली कुठे? दारात होता! तुला दिसत कसं नाही?”

“नाही दिसला.”

“डोळे तपासतेस ना गं लोकांचे? मी दिवसाला हजारो बाटल्या बघते, एक सोडत नाही. तुला एवढा घोड्याएवढा माणूस दिसत नाही?”

तेवढ्यात थोरलीही आडवी व्हायची. पण ते कावळ्याच्या लबाडीमुळे. धाकटी पडायची ती तिच्या वेंधळेपणामुळे. आपला तो बाब्या म्हणतात तसं, फक्त इथे बाब्या ती स्वतःच होती.

लबाडी आहे याबद्दल लीगमध्ये कोणालाच शंका नव्हती. भिंतीपलीकडची माणसं दाखवणारं सॉफ्टवेअर मिळतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सिद्ध कोण करणार? थोरलीने खेळ बनवणाऱ्या कंपनीला सदतीस तक्रारी पाठवल्या. सदतीस वेळा तेच उत्तर आलं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. पंच म्हणाला, “चांगला खेळतो म्हणून मी कोणाला काढू शकत नाही, ताई. पुरावा आणा.” कावळा प्रत्येक सामन्यानंतर हसणारा चेहरा पाठवायचा. थोरलीने एकदा रागाने संगणकाचा माउस असा आपटला की त्याचं चाक निखळलं. नवऱ्याने ते चिकटपट्टीने बसवून दिलं, आणि शहाणा माणूस, काही बोलला नाही.

एका रविवारी सलग सहावा सामना हरल्यावर धाकटी म्हणाली, “ताई, मी नाही खेळणार आता.”

“थांब. त्या कावळ्याला मी घालवते. मग बघ.”

“ताई, तसं नाही, मला—”

“घालवते म्हटलं ना!”

पलीकडे हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला. पुढच्या रविवारी दहा वाजता धाकटीच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागला नाही. थोरली साडेअकरापर्यंत स्क्रीनसमोर बसून राहिली. फोन केला तर जेवलीस का, हो, बरं मग. घर नेहमीसारखंच होतं, तरी तिला त्यात बसवेना. कावळ्याने आपली बहीण नेली, असं तिने ठरवून टाकलं.

मग ती कामाला लागली. पंचाकडून तिने कावळ्याच्या सगळ्या सामन्यांची रेकॉर्डिंग मागून घेतली. पहिल्या दिवशी ती सगळ्यांसारखीच बघत होती, तो नेम कसा धरतो, मारतो किती पटकन. त्यातून काहीच हाती लागलं नाही. चांगला खेळाडूही पटकन मारतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिला कारखान्यातली एक जुनी गोष्ट आठवली. नवी बाई कामावर आली की ती काय पकडते ते सुपरवायझर बघत नाही. चांगल्या बाटलीवर तिची नजर थांबते का, ते बघतो. चांगल्या बाटलीकडेही बघावंच लागतं, कारण बघेपर्यंत ती चांगली आहे हे कळणार कसं?

तिने सुरी खाली ठेवली आणि पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. या वेळी माणसं बघितलीच नाहीत, रिकामे कोपरे बघितले. खोलीत शिरणारा प्रामाणिक खेळाडू डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो. तिथे कोणी नसतं. अर्धा सेकंद वाया जातो, आणि त्या अर्ध्या सेकंदात पुष्कळदा तो मरतो. तिने लीगमधल्या तीन भल्या जोड्या घेतल्या आणि वहीत रेघा मारल्या. दहा रिकाम्या कोपऱ्यांपैकी सात-आठ कोपरे ते बघायचे. कावळा सगळे सामने मिळून चौसष्ट रिकाम्या कोपऱ्यांजवळून गेला होता. त्यांतल्या एकाकडेही त्याने मान वळवली नव्हती. जिथे कोणी चिडीचूप बसलेलं असे, तिथे मात्र तो दाराबाहेरच थबके.

तिने वहीचे फोटो पंचाला पाठवले. पंचाने ते दोनदा तपासले आणि कावळ्याला जाब विचारला. कावळ्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. पंचाने त्याचं उत्तर तिला जसंच्या तसं पाठवलं.

‘हो, मला दिसतात भिंतीपलीकडची माणसं. पण त्यानं काय मोठा फरक पडतो? मी बारा वर्षं खेळतोय. ही मंडळी मला तशीही दिसलीच असती. मी फक्त वेळ वाचवतो.’

चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं म्हणत थोरलीने ते तीनदा वाचलं. कावळ्याला लीगमधून काढलं. तिने लगेच धाकटीला फोन लावला.

“घालवला! रिकाम्या कोपऱ्यांवरून पकडला. आता येतेस ना रविवारी?”

“बरं झालं, ताई. चांगलं केलंस.”

“मग दहाला?”

धाकटी म्हणाली, “मी कावळ्यामुळे नाही सोडलं.”

“मग?”

“तुझ्यामुळे सोडलं. तुला दिसत कसं नाही, तुला दिसत कसं नाही. पाच वर्षं ऐकतेय मी. आठवडाभर दुकानात मान मोडून काम करते, रविवारी तुझ्याशी बोलायला म्हणून बसते, आणि दोन तास तू मला सांगतेस की तू शंभर टक्के आणि मी आंधळी. कावळा निदान हसून तरी जायचा.”

“अगं, मी चेष्टेनं म्हणायचे.”

“मला नाही हसू यायचं,” धाकटी म्हणाली, आणि या वेळी फोन कोणी आधी ठेवायचा हा प्रश्न आला नाही.

थोरलीला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. मला दिसतं यात माझा काय गुन्हा, असं ती रात्री नवऱ्याला म्हणाली. नवरा घोरायला लागला होता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मुद्दामच मागे ठेवली, कारण थोरलीनेही ती स्वतःपासून अशीच मागे ठेवली होती. पट्ट्याच्या सुरुवातीला, भट्टीच्या बाजूला, एक मावशी बसायच्या. आडव्या पडलेल्या बाटल्या उभ्या करायचं त्यांचं काम. सुपरवायझर खोटी बाटली सोडायचा ती त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि ती सोडली की मावशींना खोकला यायचा. एकच, कोरडा. पंधरा-वीस सेकंदांनी ती बाटली दिव्यासमोर पोचायची. या खोकल्याबद्दल कारखान्यात कोणी कधी एक शब्द बोललं नव्हतं. मावशी फक्त थोरलीसाठी खोकत असंही नाही, ज्या बाईची पाळी असेल तिच्यासाठी खोकत. फोटो थोरलीचा लागला, कारण तिचा कान सगळ्यांत तिखट होता. तिला विचारलं असतं तर तिने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, मला ती बाटली तशीही दिसलीच असती.

सोमवारी अकराच्या सुमाराला मावशी खोकल्या. थोरली ताठ बसली, नेहमीसारखी मान मागे घेऊन नजर रोखली, तेरावी की चौदावी बाटली उचलली आणि पिंपात टाकली. तोंडाचा टवका उडालेला. मग तिचा हात तसाच पिंपावर राहिला. खोकल्याच्या आधी गेलेली एकही बाटली तिला आठवेना. डोळे पट्ट्यावरच होते. पण ती बघत होती कुठे? तिला वहीतल्या रेघा आठवल्या. चौसष्ट कोपरे, आणि एकाकडेही मान नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने मावशींना गाठलं.

“मावशी, माझ्या पाळीला खोकत जाऊ नका.”

“मी कुठे खोकते?”

“तो बाटली सोडतो तेव्हा.”

मावशींनी डब्याचं झाकण शांतपणे लावलं. “काचेची धूळ असते गं बाई. घसा खवखवतो.”

“मग माझी पाळी संपेपर्यंत पाणी पीत जा.”

“आणि सुटली एखादी? फोटो उतरवतील तुझा. इतकी वर्षं खोकतेय, कोणाचं काही बिघडलं का?”

“सुटणार नाही,” थोरली म्हणाली. तिला ते अजूनही खरं वाटत होतं.

मंगळवारी पाचांपैकी तीन पकडल्या. रात्री झोप नीट झाली नव्हती, असं तिने स्वतःला समजावलं. बुधवारी ती डोळ्यांत तेल घालून बसली. एकेक बाटली बघितली, चांगल्याही बघितल्या, इतक्या की दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. पुन्हा पाचांपैकी तीन. संध्याकाळी पॅकिंगची बाई सुटलेली एक बाटली घेऊन आली आणि न बोलता तिच्यासमोर ठेवली. थोरलीने ती पट्ट्याच्या नेहमीच्या अंतरावर, कोपर दुमडून धरली. स्वच्छ, निर्मळ बाटली. मग सहज हात लांब केला, आणि आत तार होती. जवळ आणली, तार गेली. लांब नेली, तार आली. तिने हे पाच-सहा वेळा केलं. पॅकिंगची बाई नजर खाली घालून उभी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

सुपरवायझर तरुण होता आणि तिला मान देऊन वागायचा. त्याने तिला बाजूला घेतलं.

“ताई, बरं नाहीये का तुम्हाला? दोन दिवस सुट्टी टाका. मी लिहितो, ताप होता म्हणून.”

वाट चांगली होती. फोटोही राहिला असता.

“ताप नाही. मला जवळचं दिसत नाही.”

“पण सोमवारपर्यंत तर दिसत होतं तुम्हाला.”

“सोमवारपर्यंतही दिसत नव्हतं,” थोरली म्हणाली. मावशींचं नाव तिने घेतलं नाही. “बाटली कधी सोडता ते मला कळायचं. कसं ते विचारू नका. मला दिव्यासमोरून काढा, आणि बाटली सोडायची जागा बदला.”

तो म्हणाला, डोळे तपासून या, तोवर पॅकिंगला बसा. फोटो दुसऱ्या दिवशी उतरला. भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिला, आणि मावशी त्या दिवशी तिच्याशी बोलल्या नाहीत. शुक्रवारी त्यांनीच तिच्यासाठी चहा आणला.

डोळे तपासणारे गावात तीन होते. शनिवारी थोरली बसमध्ये बसून तीन तास धाकटीच्या गावाला गेली. वाटेत पंचाचा निरोप आला. लीगमध्ये कोणी ‘बगळा’ नावाचा नवा आलाय, रिकाम्या कोपऱ्यांकडे बघत नाही. तिला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. तिने फोन पिशवीत टाकला.

दुकानात गर्दी नव्हती. मागच्या तपासणीच्या खोलीला नुसता पडदा होता. बाकावर बसल्या बसल्या तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. एक सुतार आत बसला होता आणि नवा चष्मा लावून हातातलं कार्ड शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचत होता. “माळ्याने सकाळी लवकर उठून विहिरीचे पाणी झाडांना घातले.”

“सगळ्यात खालची ओळ वाचलीत. छान,” आतून धाकटीचा आवाज आला.

सुतार खुशीत बाहेर पडला. मागोमाग धाकटी आली आणि बहिणीला बघून पडदा हातात धरून तशीच उभी राहिली.

“तू?”

“डोळे तपासायचेत.”

“बस,” धाकटी म्हणाली. खुर्चीत बसवलं, दिवा लावला, कार्ड हातात दिलं. कार्डावर वर मोठी अक्षरं, खाली खाली लहान होत गेलेली. सगळ्यात खाली मुंग्यांची रांग चालली होती.

“जवळ धर. अजून जवळ. आता खालची ओळ वाच.”

थोरलीला ती ओळ पाठ होती. माळी, सकाळ, विहीर, झाडं. धाकटी समोर हाताची घडी घालून उभी होती. या बाईला सगळं दिसतं, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं, आणि आताही तिच्या चेहऱ्यावर तेच होतं. एक वाक्य म्हणायचं आणि घरी जायचं.

“नाही दिसत,” थोरली म्हणाली.

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. त्या सुतारानं वाचलेली ऐकली मी, त्यामुळे काय आहे ते माहीत आहे. पण दिसत नाही.”

“आणि वरची?”

“तीपण नाही. तिच्या वरचीही नाही.”

मग तिने सगळं सांगितलं. खोकला, चौसष्ट कोपरे, हात लांब केल्यावर दिसलेली तार. सांगताना ती कार्डाकडेच बघत होती. “दोन दिवसांत दहापैकी चार सुटल्या. त्याआधी किती सुटल्या असत्या देव जाणे. आणि तुला मी आंधळी म्हणत होते. चुकलं गं माझं. फार चुकलं.”

धाकटीने पेटीतून एक भिंग निवडलं, तपासणीच्या जड चौकटीत बसवलं आणि ती चौकट बहिणीच्या नाकावर ठेवली. कानामागे अडकलेले केस सोडवले. ते करताना तिचा हात तिथे जरा जास्तच रेंगाळला.

“चाळिशी आहे, ताई. निदान दोन-तीन वर्षांची. मी दिवसाला दहा जणांची तपासते, आणि तुझी माझ्या लक्षात आली नाही.”

“तू मला बघत कुठे होतीस? ऐकत होतीस.”

धाकटीला हसू फुटलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर आलं.

“आता वाच.”

थोरलीने ओळ वाचली, हळूहळू, प्रत्येक शब्दावर थांबून. मग वरची वाचली, मग तिच्या वरची. सांगितलं नव्हतं तरी पूर्ण कार्ड वाचून काढलं.

“कोणी बगळा आलाय म्हणे लीगमध्ये,” ती शेवटी म्हणाली.

“येऊ दे.” धाकटीने पावतीपुस्तक ओढलं आणि भिंगाचा नंबर लिहायला घेतला. “मंगळवारी चष्मा पाठवते. पुढच्या रविवारी दहाला बसू. डावीकडचे कोपरे मी बघेन, उजवीकडचे तू.”

“बरं.”

“आणि रिकामे असले तरी बघायचे.”

“बघेन,” थोरली म्हणाली.